उघाडीची फळी

वेळ पहाटेची, ऐन भरतीची. ठिकाण खाडीकाठचं एक गाव. तिथे ख्रिस्ताचं लहानसं देऊळ होतं, आणि घराघरांत कॅलेंडरं टांगली जाऊ लागली त्याच्याही कितीतरी आधीचा तो काळ होता. त्या पहाटे बांधाची उघाडी फुटली आणि खारं पाणी भातशेतीत शिरलं.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला त्यात एकावर एक सागवानी फळ्या बसवायच्या, ओहोटीला उचलायच्या. हे काम मुकादमाचं. पण त्या पहाटे सर्वांत खालची फळी जागेवर नव्हती. तिथे बांबूचा तट्ट्या लावून चिखल थापलेला होता. बांधालगतचा एक शेतकरी पेंढ्याचे भारे घेऊन भगदाड बुजवायला धावला. तो परत आला नाही.

त्याची बायको पुढच्या रविवारी देवळात आली. गीत सुरू झालं तेव्हा तीही गायली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"काय बळ दिलंय देवाने बाईला!" सगळे म्हणाले. पाळकांनी तिच्या धीरावर उपदेश केला. मुकादमाने मान डोलावली. तट्ट्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कौतुक फार सोयीचं असतं. ते केलं की घरी जायला माणूस मोकळा.

एका बाईला मात्र हे कौतुक झोंबलं. ती मुकादमाची बायको. देवळातला पहिला बाक तिचा, गीताचा पहिला सूर तिचा. आता बायका सूर धरायला विधवेच्या तोंडाकडे बघू लागल्या होत्या.

मुकादमीण संध्याकाळी ओटीवरच्या नव्या झोपाळ्यावर बसायची आणि समोरच्या, विधवेच्या झोपडीकडे बघत जळायची. नवरा धडधाकट, हातात सोन्याचे गोट, कणगी भरलेली. तरी एखादं भांडं पडलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. आणि ती बाई सगळं गमावून ताठ चालत होती! देवाने ते बळ नेमकं तिलाच का द्यावं? होय, वाचकहो, माणसं दुसऱ्याच्या दुःखाचाही हेवा करतात.

मुकादमिणीने नक्कल करून पाहिली. गोट उतरवले, पांढरं लुगडं नेसली, उपास धरला. शेजारीण म्हणाली, "वहिनी, ताप आलाय का? पेज करून देऊ?"

शेवटी एका संध्याकाळी विस्तव मागायच्या निमित्ताने ती झोपडीमागे गेली आणि कुडाला कान लावून उभी राहिली. आत विधवा प्रार्थना करत होती. प्रार्थना कसली, ती भांडत होती.

"देवा, मी तुला सोडणार नाही. माझा माणूस गेला तेव्हा तू कुठे होतास? आणि खालची फळी कुठे गेली? तुला माहीत आहे. आज नाही सांगितलंस तर उद्या पुन्हा विचारीन." मग ती हमसून रडली, तोंड धुतलं आणि भात सडायला बसली.

मुकादमीण विस्तव न घेताच परतली. तिचा आनंद पोटात मावेना.

रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडली गेली तशी ती बाकावरून उठली. "पाळकबाबा, हिला भाकर देऊ नका. हिची भक्ती खोटी आहे. ही रोज देवाशी भांडते!"

देवळात कुजबुज झाली. विधवेने पुढे केलेला हात तसाच राहिला. या एका भाकरीच्या आधाराने ती आठवडा काढत होती.

"काय म्हणून भांडते?" पाळकांनी विचारलं.

"म्हणते, उघाडीतली फळी कुठे गेली!"

जे विचारायला अख्ख्या गावाची जीभ उचलली नव्हती, ते मुकादमाच्याच बायकोने भर देवळात विचारलं होतं. मुकादम छताकडे बघू लागला.

"भांडते," विधवा म्हणाली. "दुसऱ्या कुणाशी भांडू? तुम्ही सगळे माझं कौतुक करता आणि उठून जाता. तो एकटा बसून ऐकतो. त्याच्यापुढे रोज फुटते, म्हणून तुमच्यापुढे उभी राहू शकते."

पाळकांनी पहिला तुकडा तिला दिला.

घरी आल्यावर मुकादमीण झोपाळ्यावर बसली. आयुष्यात प्रथमच तिने पाठ केलेलं सोडून प्रार्थना केली. "देवा, मी तिच्यावर जळते. मला भीती वाटते. कशाची, ते मला कळू दे."

बोलताना तिने फळीची कड घट्ट धरली होती. बोटांना काहीतरी टोचलं. तिने वाकून पाहिलं. फळीला वरून रंधा मारलेला होता, खालून मारला नव्हता. तिथे मिठाचा पांढरा थर होता आणि चिकटलेल्या शिंपल्या.

"अगं, काय करतेस?" मुकादम ओरडला.

"तुमचा झोपाळा उतरवतेय."

एरवी भांडं पडलं तरी घाबरणारी ती बाई फळी डोक्यावर घेऊन भर गावातून बांधावर गेली. विधवा धावत आली. दोघींनी मिळून फळी खाचेत सोडली. ती अचूक बसली. त्या वर्षापासून शेत पुन्हा पिकू लागलं.

जो देवापुढे आपलं खरं दुःख मांडतो, त्यालाच माणसांपुढे खरं बोलायचं बळ मिळतं.

फळीला झोपाळ्याच्या कड्यांसाठी पाडलेली चार भोकं होती. भरतीला त्यांतून पाणी ठिबकतच राहिलं. मुकादम म्हणायचा, सुताराने पाडली. सुतार म्हणायचा, मुकादमाने सांगितलं. आणि ज्या पाळकांनी त्या नव्या झोपाळ्याला आशीर्वाद देऊन त्यावर बसून सरबत घेतलं, त्यांना ती फळी कुठली, हे कधीच कुणी विचारलं नाही.