केशरचं शिळं पाणी

शेवूच्या घरात तीन माणसं होती, त्यांतली दोनच उरली. बाबा तापाने गेले. त्याच्या आठच दिवस आधी त्यांनी जत्रेतून शेवूसाठी एक इवलीशी मासोळी आणली होती. केशरी अंग, सोनेरी खवले आणि ओढणीसारखी झुळझुळणारी शेपटुली! तिचं नाव केशर. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ती राहायची. आई दिवसभर लोकांच्या बागेत तण उपटायची, त्यामुळे घरात शेवूला सोबत केशरचीच. आणि ती तर मुकी.

एकदा पाणी बदलताना केशरची शेपटुली बरणीच्या फुटक्या काठाला अडकली नि टरकन फाटली. जखम एवढीशीच, पण भरेचना. शेवू बिचारी सकाळ-संध्याकाळ नळाचं ताजं पाणी भरायची, तरी केशर तळाशी निपचित. खवल्यांची चमकही विझत चालली.

"हीपण जाणार," शेवूला वाटलं. आई काम करायची त्या बागेत, गुलबक्षीच्या ताटव्यापाशी बसून ती हमसून हमसून रडली.

गुलबक्षी संध्याकाळी उमलते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या दिवशी मात्र एका कळीतून परीच उमलली! बोटभर उंच, गुलाबी झगा, पंखांवर चांदीची चमचम.

"एक इच्छा माग, शेवू," परी म्हणाली. "पण गेलेलं माणूस परत मागायचं नाही. आणि जखम बरी कर, असंही नाही. ते माझ्या हातात नसतं गं."

मग मागायला उरलं काय, कपाळ? शेवूला परीचा रागच आला. नाक पुसत ती म्हणाली, "केशरला काय होतंय, ते तरी मला कळू दे."

"कळेल. पण ती दोनदाच बोलेल. एकदा आज, आणि बरी झाली तर आणखी एकदा."

शेवू घरी धावली. बरणीतून बारीक आवाज आला, "शेवू, नळाचं ताजं पाणी अंगाला झोंबतं गं. मला शिळं दे."

शेवू थिजलीच. शिळं पाणी कुणाला देऊ नये, असं आईनेच शिकवलं होतं ना! म्हणजे आपण मायेपोटी हिला छळत होतो. तिला फार फार वाईट वाटलं.

मग तिने बादलीत पाणी भरून दिवसभर तसंच ठेवलं. आई जखम मिठाच्या पाण्याने धुते, ते आठवून त्यात चिमूटभर खडेमीठ विरघळवलं. रोज बरणीतलं थोडंसं पाणी काढायचं, थोडंसं हे घालायचं. फुटक्या काठावर तिने चिंधी बांधली. आठवडा गेला, तरी केशर तळाशीच. शेवू रडायची आणि पाणी घालायची.

बाराव्या दिवशी केशर सुळकन वर आली. शेपटुलीला कोवळी, सोनेरी किनार फुटली होती.

"शेवू," ती म्हणाली, "जत्रेतून येताना मी पिशवीत होते ना, तेव्हा तुझे बाबा वाटभर माझ्याशी बोलत होते. म्हणाले, 'सांभाळून हं बाई. घरी आमची शेवू एकटीच असते. तिला सोबत हो.'"

खिडकीत गुलाबी उजेड लखलखला. त्यात परी क्षणभर हसली आणि उजेडातच विरून गेली. केशर पुन्हा मुकी झाली.

आई बागेतून आली तेव्हा शेवू दारातच उभी होती. "आई," ती म्हणाली, "बाबा काय म्हणाले, सांगू?"