मेधिनीचा न उच्चारलेला शाप

पूर्वी कृतयुगात, जेव्हा देव यज्ञमंडपी प्रत्यक्ष येऊन हविर्भाग स्वीकारीत, तेव्हा शीतोदा नदीच्या तीरी, देवदारूंच्या घनदाट छायेत, महर्षी और्णवांचा आश्रम होता. त्यांनी बारा वर्षांचे अग्निसत्र आरंभिले आणि पहिल्याच वर्षी ते समाधिस्थ झाले. मग अग्नी राखला कोणी? त्यांची धर्मपत्नी मेधिनी हिने. समिधा तिने तोडल्या, आहुती तिने दिल्या, धुराने डोळे अधू झाले तेही तिचेच. कीर्ती मात्र त्रिलोकात महर्षींची झाली.

बारावे वर्ष सरताच महर्षी जागे झाले आणि कुंडातून सप्तजिव्ह अग्निदेव प्रकटले. "वर मागा!"

रीत अशी होती, की ओंजळीत उदक घेऊन वर यजमानाने मागावा आणि पत्नीने त्याच्या कोपराला नुसता हात लावावा. मेधिनी पतीच्या कानाशी म्हणाली, "नाथ, एवढेच मागा. आपल्या लेकीला, ऋतजेला, स्वतःच्या नावाने अग्नी प्रज्वलित करण्याचा अधिकार मिळो." महर्षींनी मान डोलावली आणि मोठ्याने मागितले, "माझ्या कुळात अग्नी सदैव पुत्रांच्याच हाती राहो!" त्यांच्या मनी कपट नव्हते, बायकोचे बोलणे ऐकून न ऐकण्याची सवय होती, इतकेच.

"तथास्तु!"

"हे हुताशना," मेधिनी आक्रंदली, "बारा वर्षे तुला घास कोणी भरवला?"

"तूच, देवी." अग्निदेवांनी मान खाली घातली. "परंतु उदक धरणाऱ्यालाच वर द्यावा, ही मर्यादा ऋषिसभेची आहे."

ती सभेत गेली. सभा म्हणाली, "रीत बदलण्याची प्रार्थना यजमानानेच केली पाहिजे." कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावी? वृद्ध ऋषिपत्नी तर तिच्यावरच उखडल्या. "आम्ही जन्मभर कोपर धरले. तुझी लेक कोण मोठी लागून गेली?"

तेव्हा मेधिनीने स्वतःच्या ओंजळीत उदक घेतले. तिचे तपच असे, की तिचा शाप ब्रह्मदेवालाही टाळता आला नसता. "हे सारे कुळ..." एवढे शब्द निघतात तोच ऋतजा धावत आली आणि तिने आईचे मनगट धरले.

"माते, थांब! या कुळात दादाही आहे. तो भस्म होईल."

मेधिनीने मुलाकडे पाहिले. शत्रू असता तर सोपे होते; पण तो तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. तिची ओंजळ सैल झाली आणि उदक मातीत जिरले.

वराला छेद देतो तो शापच. तो उच्चारलाच गेला नाही, म्हणून युगे लोटली तरी तो वर अबाधित आहे. ऋतजेच्या लेकीबाळी आजही समिधा तोडतात, अग्नी राखतात, आणि हा अग्नी कोणाचा म्हणून विचारले, तर भावाचे नाव सांगतात.