रोडावलेला चेंडू

एका डोंगराळ जंगलात एक अस्वलीण आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. पिल्लाला ना भाऊ ना बहीण. एकदा नदीतून हवा भरलेला एक लाल चेंडू वाहत आला आणि पिल्लाने त्यालाच भाऊ मानले. मुलांनो, खेळताना चेंडू, निजताना चेंडू. मध खातानासुद्धा पहिले बोट चेंडूला!

थंडीचे दिवस आले. एके सकाळी पाहतात तो काय, चेंडू मऊ पडलेला आणि अंगभर सुरकुत्या! "आई, भाऊ मरणार का गं?" पिल्लू रडकुंडीला आले. आता आईच ती! मूल जरा बारीक दिसले की तिला एकच औषध ठाऊक. "रोडावलंय गं बाई माझं पोर," म्हणत तिने चेंडूचे बूच काढले आणि त्याला हवा भरवायला बसली. नदीकाठचे एक म्हातारे कासव म्हणाले, "बाई, तो उपाशी नाही, गारठलाय. आतली हवा होती तेवढीच आहे. थंडीमुळे ती अंग चोरून बसली आहे, इतकंच. उन्हात ठेव, आपोआप बाळसं धरेल."

"तुम्हाला काय कळणार आईचं काळीज? तुमच्यात तर अंडी वाळूत पुरून चालू लागतात!" अस्वलीण फणकारली. एकही सुरकुती उरेनाशी होईपर्यंत ती फुंकत राहिली आणि मग तिने बूच घट्ट लावले.

दुपारी ऊन तापले, तशी चेंडूतली हवाही तापली. तापलेल्या हवेला पसरायला जागा लागते आणि चेंडूत तर आता तसूभरही जागा नव्हती. मग ती आतून चहूकडे ढकलू लागली. चेंडू दगडासारखा टणक झाला, त्याचे सांधे करकरू लागले. घाबरून पिल्लाने त्याला घट्ट कवटाळले.

"पोरा, दाबू नकोस, फुटेल तो!" कासव ओरडले. "तू हवेची जागा कमी करशील, तेवढी ती जास्त उसळेल."

अस्वलिणीचा सगळा फणकारा उतरला. "आजोबा, आता काय करू हो?"

"आधी सावलीत, गार पाण्यात धर. मग भरवलेलं थोडं काढून घे."

भरवलेला घास काढून घ्यायचा, हे तिच्या अगदी जिवावर आले. तरीही तिने चेंडू पाण्यात गार होऊ दिला आणि हळूच बूच सैल केले. फुस्स! पिल्लाने डोळे गच्च मिटून घेतले. आईने चेंडू त्याच्या कुशीत दिला, तेव्हा त्याने भीतभीत मिठी मारली. चेंडू जरासा दबला आणि त्याच्या पोटाला मऊ चिकटून बसला.

"आई," पिल्लू आनंदाने म्हणाले, "आता भाऊपण मला मिठी मारतोय!"

तात्पर्य : माया भरभरून करावी, पण जिच्यात जिवाला हलायला जागा नाही, अशी ठासून भरू नये.