डुकरिणीचा झिरा

डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात एक लावरी आपल्या पिल्लांसह राहत असे. लावरी म्हणजे मातीच्या रंगाचा मूठभर पक्षी; खोल उकरणे तिच्या इवल्या पायांना जमणारे नव्हते. उन्हाळ्यात ओढा आटला, की एक रानडुकरीण त्याच्या वाळूत खोल झिरा उकरत असे आणि त्यात पाझरणारे पाणी सगळे जंगल पीत असे. डुकरिणीने कधी कुणाला अडवले नाही. पिणाऱ्यांनी मात्र कधी पंजाभर वाळू बाजूला केली नाही. उलट "आज पाणी गढूळ कसं?" म्हणून तिच्यावरच तोंड टाकायला ही मंडळी पुढे!

एका उन्हाळ्यात डुकरीण पलीकडच्या खोऱ्यात निघून गेली. झिरा वाळूने बुजू लागला, पिल्लांच्या चोची कोरड्या पडल्या आणि लावरीचा जीव कासावीस झाला. ते बघून एक साळिंदर पुढे आले आणि मुकाट्याने वाळू उपसू लागले. तोच कोल्हा धावत आला. "ए, तुला कुणी सांगितलं रे? झिरा डुकरिणीचा आहे आणि मी तिचा शेजारी. ती नाही, तर झिरा मी सांभाळणार!" एवढे बोलून तो झिऱ्याच्या तोंडाशी आडवा पडला. सांभाळणे म्हणजे काय, तर नुसते पडून राहणे. वाळूच्या कणालाही त्याने पंजा लावला नाही.

मग सभा भरली. तहानेने जीव चालले असताना या शहाण्यांना सभा सुचली! म्हातारे सांबर घसा खाकरून म्हणाले, "डुकरिणीच्या परवानगीशिवाय झिऱ्याला कुणीही हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. लावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मग तिला विचारलं का कुणी?" विचारायला जायचे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

"साळिंदरदादा, माझ्या पिल्लांकडे बघा," असे म्हणून लावरी स्वतःच निघाली. थांबत, धापा टाकत तिने खोरे गाठले. डुकरीण तिथे चिखलात लोळत होती. सगळे ऐकून ती गुरगुरली, "अजून त्या खड्ड्यावरून भांडताय? मी काही आता परत येत नाही. जो वाळू उपसतो, त्यानं तो सांभाळावा. आणि तेही कुणी करू देत नसेल, तर शेजारी दुसरा उकरा. ओढा काय माझ्या बापाचा आहे?"

लावरी परतली तेव्हा साळिंदराने मान खाली घातली. सगळ्यात धाकटे पिल्लू सावलीत निपचित पडले होते. ते पुन्हा उठले नाही.

डुकरिणीचा निरोप ऐकून कोल्हा जागचा हलला नाही. "तिनं माझ्या तोंडावर येऊन सांगावं," तो म्हणाला. लावरी ओरडली, "पड तिथेच! आणि तुम्ही, माना डोलावणारे! वाळू उपसायची म्हटलं, की तुमचे पाय दुखतात आणि दुसऱ्यानं उपसली, की तुम्हाला कायदा आठवतो. माझं लेकरू तुमच्या त्या सभेनं मारलं!" ती साळिंदराकडे वळली. "चला दादा, दुसरा उकरू."

साळिंदर उकरू लागले आणि लावरी आपल्या इवल्या पायांनी वाळू मागे सारू लागली. थोड्या वेळाने सांबर गुमान आले आणि खुरांनी वाळू ओढू लागले. वाळू ओली झाली, मग पाणी आले. उरलेली पिल्ले पोटभर प्यायली. सगळे जंगल नव्या झिऱ्यावर येऊ लागले आणि डुकरिणीच्या जुन्या झिऱ्याचा मालक बनलेला कोल्हा कोरड्या वाळूवर एकटाच बसून राहिला.

शेवटी तहानेने तोही आला. "पिऊ का?" त्याने हळूच विचारले. लावरीचा राग गेला नव्हता, जाणारही नव्हता.

"पी," ती म्हणाली. "इथे पाणी प्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण हा झिरा कुणाचा, हे विचारायचं असेल, तर आधी वाळू उपस."

तात्पर्य : सर्वांच्या उपयोगाचे काम कुणी सोडून गेला, तर ते पुढे चालवण्याचा हक्क नाव सांगणाऱ्याचा नसतो, ते निभावणाऱ्याचा असतो, आणि जो स्वतः हात लावत नाही, त्याने दुसऱ्याचा हात धरू नये.