मालकाच्या आवाजाचं मशीन

"हौसाबाई, हे मशीन माझ्याशिवाय कुणाच्या बापाचं ऐकणार नाही!" मी छाती काढून सांगितलं. खरं तर त्यात छाती काढण्यासारखं काहीच नव्हतं. पंचाईत माझीच झाली होती.

सांगलीजवळ आमचा पाण्याचे टँकर बनवायचा कारखाना आहे. तिथं मी मोठ्या हौसेनं आवाजावर चालणारं वेल्डिंग मशीन आणलं. 'चालू' म्हटलं की चालू, 'वाढव' म्हटलं की करंट वाढतो, 'कमी' म्हटलं की उतरतो, 'बंद' म्हटलं की बंद. टँकरवर चढलेल्या वेल्डरला बटण फिरवायला खाली उतरायला नको! बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "यात सहा जणांचे आवाज घालता येतात." मी म्हणालो, "एकच घाला. माझा!" मालक कोण आहे हे मशीनला कळायला नको?

पहिला दिवस मी नुसता मिरवलो. दुसऱ्या दिवसापासून टँकरवरून हाका सुरू झाल्या. "अण्णा, वाढवा!" मी केबिनमधून धावत जाऊन ओरडायचो, "वाढव!" परत येऊन चहाचा कप तोंडाला लावतो तोच, "अण्णा, कमी!" चार दिवसांत घसा दुखायला लागला, डबा रोज थंड खायची पाळी आली, आणि मालकाचा चक्क बटणवाला झाला. पण कबूल कोण करणार? आम्हां मगदूमांच्या घरात चूक कबूल करायची पद्धतच नाही.

"अण्णा, माझा आवाज घाला की त्यात," हौसाबाई म्हणाली. हौसाबाई पांचाळ सोळा वर्षं आमच्याकडं वेल्डर आहे. तिनं मारलेल्या जोडातून पाण्याचा थेंब गळत नाही. "तुम्ही जरा बाहेर गेला की मला उतरून बटण फिरवाय लागतंय. दिवसातनं चाळीस खेपा! गुडघ्यांचं पार वाटोळं झालंय."

तिचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"घालतो की," मी म्हणालो. "पण आधी एक कर. टँकरच्या वरच्या झाकणाचा जोड याच मशीनवर मारून दाखव. बटणाला कुणीही हात लावायचा नाही, आणि मी तुला काडीची मदत करणार नाही! जमलं तर तुझा आवाज घालतो. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही आणि उद्यापासून रंगकामाला जायचं!"

सगळे कामगार हातातलं काम सोडून भोवती जमले. वेल्डरला रंगकामाला पाठवायचं म्हणजे त्याचा हातच काढून घ्यायचा. बोलून गेल्यावर मलाही कसंसंच झालं. पण शब्द मागे घ्यायचा तर मगदूम कसला!

हौसाबाईनं थोडा विचार केला. "म्हंजे तुम्ही मदत केली तर मी हरले?"

"हरलीस!"

"बरं," ती म्हणाली. तोंडावर मुखवटा ओढून ती टँकरवर चढली. मी खाली मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलो.

मशीन बंदच होतं. तरी तिनं रॉड जोडावर टेकवला आणि सावकाश पुढं सरकवायला लागली. ना ठिणगी, ना धूर! हातभर गेली, दोन हात गेली. मी ओठ आवळून धरले. मीही एकेकाळी वेल्डर होतो हो! असलं काम डोळ्यांना बघवत नाही.

"अगं, चालू तरी कर!" माझ्या तोंडून निघालंच.

मशीनवर हिरवा दिवा लागला. हौसाबाईनं रॉड टेकवला, तो पत्र्याला चिकटला. हिसका देऊन काढला, पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा चिकटला तेव्हा मी खुर्चीतून उठलो.

"शिकाऊ आहेस का? करंट वाढव की!"

करंट वाढला. आता ठिणग्या उडाल्या, जोड सरळ रेषेत धावला. मला बरं वाटलं. पण झाकणाजवळ पत्रा पातळ, आणि ही बाई तशीच पुढं! पत्रा लालभडक व्हायला लागला.

"कमी! कमी कर! भोक पाडशील टँकरला!"

करंट उतरला. जोड झाकणाभोवती फिरून पुरा झाला. हौसाबाई खाली उतरली, मुखवटा काढला आणि मशीन तसंच गुरगुरत ठेवून माठातलं पाणी प्यायला निघाली.

"मशीन चालू ठेवून पाणी पितेस? आधी बंद कर ते!"

मशीन बंद झालं. त्या शांततेत कुणीतरी तोंडावर हात धरून फिसकन हसलं, आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

आम्ही टँकर भरून पाहिला. थेंब नाही! तरी मी हटलो नाही. "हे चालणार नाही! चारही हुकूम माझे होते. म्हणजे मी मदत केली. तू हरलीस!"

हौसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मदत? अण्णा, तुम्ही तर मला रागवत होता! रागवण्याला मदत म्हणायचं असलं, तर सोळा वर्षांत तुमच्याएवढी मदत मला कुणीच केली न्हाई!"

सगळे खो खो हसले. मी दोन क्षण डोळे वटारले, पण हसू आवरेना. पोट धरून हसलो, खोकलो, पुन्हा हसलो.

"जिंकलीस बाई! मुख्य आवाज तुझा! आणि आजपासून फोरमन पण तूच! अजून काय पाहिजे?"

तिनं मशीनसमोर उभं राहून चारही हुकूम स्पष्ट आवाजात घातले. मग माझ्याकडं वळली.

"एकच पाहिजे. तुमचा आवाज तेवढा काढा यातनं."

"का गं? माझा काय त्रास?"

"मी वर टँकरवर असणार, अण्णा. तुम्ही खाली दुसऱ्या कुणाला रागावला, तर करंट माझा वाढंल की!"

मी हसतच पुढं झालो आणि माझ्याच हातानं माझा आवाज पुसला.