पलीकडच्या डोंगरावरचे पोळे

नदीच्या वळणावरच्या जंगलात, एका ऐनाच्या ढोलीत, एक खारूताई आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. मोठी नेमाची बाई. दिवसभरात मिळालेल्या चारोळ्यांतली एक मूठ पावसाळ्यासाठी बाजूला काढल्याशिवाय ती स्वतः दाणा तोंडात घालत नसे.

त्याच जंगलात जांभळीवर मधमाश्यांचे पोळे होते. अस्वलापासून ते राखायला साळिंदराचा पहारा ठेवायचा, तर साळिंदराचे पोट भरायला हवे. म्हणून राणीमाशीने सगळ्यांना सांगितले, "मूठभर दाणे द्या आणि मेणाचा शिक्का मारलेले मोहाचे एक पान घ्या. एक पान म्हणजे पोळ्यातला एक वाटा. फुलोरा चांगला आला तर मध जास्त मिळेल, फुलोरा करपला तर कमी. मी कबूल काहीच करत नाही." खारूताईने पाच पाने घेतली. पहिल्या वर्षी बोटभर मध मिळाला, दुसऱ्या वर्षी द्रोणभर. कुणाला मध्येच दाण्यांची निकड लागली, तर तो वडाखाली जाऊन आपले पान विकत असे. घेणारे जास्त जमले की पानाचा भाव चढे, विकणारे वाढले की उतरे. बाळांनो, इथवर सगळे सरळ होते.

एके दिवशी वडाखाली कोल्होबा येऊन बसला. कपाळाला शेंदूर, पुढ्यात पळसाच्या पानांची चवड, आणि प्रत्येक पानाला कुंकवाचे बोट!

"पलीकडच्या डोंगरावर पोळं लागलंय, ताई," तो म्हणाला. "ही जांभळीवरची वाटी काय घेऊन बसलात? तिथं घागरी भरतील घागरी! महिन्याभरात एकाचे चार."

"आणि मध कमी निघाला तर?"

"शिव शिव! कुंकू लावलेल्या पानाबद्दल असं बोलतात होय? पान हातावर पडलं की कपाळाला लावायचं. चौकशा केल्या की फळ मिळत नाही."

हे शेवटचे वाक्य खारूताईच्या मनात बसले. प्रसाद हातावर पडला की तो उलटूनपालटून बघायचा नाही, हा तिच्या आईने लावलेला रिवाज. वरच्या फांदीवरून कावळेदादा पानाचा भाव ओरडतच होता, "काल दोन मुठी, आज तीन, उद्या पाच! बसा हात चोळत!" ससोबाने पाने घेतली, तितराने घेतली. खारूताईने आधी मोहाची पाचही पाने विकली. मग ढोलीतली पावसाळ्याची सगळी बेगमी उपसून आणली आणि पळसाची बारा पाने घेऊन ती घरी गेली. ढोलीत मागे राहिली नुसती टरफले.

पंधरा दिवस भाव चढत राहिला. खारूताईला वाटले, ज्या पोळ्यामुळे आपल्या पानांना एवढा भाव आला, त्याला एक फूल तरी वाहून यावे. संशय म्हणून नव्हे हो, भक्तिभावाने गेली बिचारी! दिवसभर चढून ती डोंगरावर पोहोचली. कड्याच्या कपारीत एक पोळे होते खरे. पण वाळून कडकडीत झालेले, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेले. माशी तर औषधालाही नव्हती. खारूताईच्या हातातले फूल गळून पडले. ती रडली नाही. तिच्या शेपटीचा केस न् केस उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती तडक वडापाशी पोहोचते न पोहोचते, तोच ससोबाने तिला अडवले.

"बघून आलीस ना? मला चार दिवसांपूर्वीच कळलंय. पण ओरडू नकोस बाई! ती बघ, उंदीरमावशी आलीय, टोपलीभर वरी घेऊन. आधी माझी पानं तिच्या गळ्यात मारतो, मग तू तुझी मार. आपले दाणे सुटले की झालं."

उंदीरमावशी खारूताईला पाहताच हसली. "ताई, तुम्ही घेतलीत म्हणून धीर केला मी. तुमच्यासारख्या नेमाच्या बाईनं घेतलं म्हणजे चांगलंच असणार, नाही का?"

एकदा 'हो' म्हटले असते, तर खारूताईची बेगमी परत आली असती. तीन पिल्ले, चार महिने पाऊस आणि रिकामी ढोली! सगळे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मग तिने मावशीच्या टोपलीकडे पाहिले. त्या घरीही पिल्ले होतीच.

"नाही, मावशी!" ती कडाडली. "ते पोळं कोरडं आहे! या डोळ्यांनी बघून आलेय मी."

कोल्होबा जांभई देत म्हणाला, "अगं, भाव रोज चढतोय ना? मग आत मध असला काय नि नसला काय?"

"पावसाळ्यात पिल्लांना भाव भरवू का? लबाडी तर तुझा धंदाच, पण ती तू कुंकवाच्या आड केलीस! श्रद्धेनं जोडलेल्या हातांतून दाणे काढून घेतलेस!"

"मी आपला भाव तेवढा सांगतो," कावळेदादा फांदीवर सरकत पुटपुटला. "बाकी मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, तर एवढा घसा कशाला फोडत होतास?" मग ती सशाकडे वळली. "आणि ससोबा, तू? तू स्वतः ठकलास, ते दुःख मला कळतं. पण ठकल्यावर दुसरीला ठकवायला निघालास, त्याची तुला लाज कशी वाटली नाही?"

एवढे बोलून तिने आपली बाराच्या बारा पाने सर्वांसमोर टराटरा फाडली.

मग काय विचारता! जो तो पाने विकायला धावला आणि घेणारा एकही नाही. भाव क्षणात मातीला मिळाला. कोल्होबाने जंगलाबाहेर धूम ठोकली. सर्वांनी मिळून त्याचे बीळ उकरले, तर निम्म्याहून अधिक दाणे त्याने केव्हाच फस्त केलेले. खारूताईच्या वाट्याला जेमतेम चार मुठी आल्या. उंदीरमावशीने आपली अर्धी वरी तिच्या ढोलीत आणून ओतली आणि 'नको' ऐकायलाही थांबली नाही. बाकीची भर खारूताईने उंबराच्या बियांनी केली. अर्धपोटी का होईना, पण पावसाळा निभावला.

पुढे फुलोऱ्याच्या दिवसांत ती जांभळीपाशी गेली. "राणीसाहेब, एक पान हवंय. पण आधी मला पोळं बघायचंय."

माश्या गुणगुणायच्या थांबल्या. राणीमाशी मात्र खुशीत बाजूला सरली. "ये, आत ये. इतक्या जणांनी पानं नेली, पण पोळं बघू द्या म्हणणारी तूच पहिली!"

खारूताईने एकेक घर वाकून पाहिले. कुठे मध होता, कुठे अजून नव्हता, तेही राणीने दाखवले. मग तिने एकच मूठ दाणे देऊन एकच पान घेतले आणि उरलेली बेगमी तशीच पिल्लांसाठी राखली.

तात्पर्य : देवाला हात जोडावेत डोळे मिटून, पण धंद्यातला वाटा घ्यावा डोळे उघडून. आणि कोरडे पोळे आपल्या गळ्यात पडलेच, तर ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.