अण्णांचा गजर

“मग माझं चुकलं काय, वस्ताद?”

भानुदासचा आवाज चढला होता. हातातला चिमटा त्याने खाली ठेवला नव्हता.

घड्याळांच्या टपरीसमोर रामलिंग उभा होता. वडिलांचं जुनं डिजिटल घड्याळ त्याने सेल बदलायला दिलं होतं. ते हातात पडताच त्याने गजराचं बटण दाबून पाहिलं होतं, आणि गजर गेलेला कळताच तो भडकला होता.

“जुन्या सेलवरचा नंबर पुसला गेला होता,” भानुदास म्हणाला. “मी आतला खळगा मोजला. जाडी मोजली. स्वस्तातला नाही, सिल्व्हरचा घातला. त्याला बोट लागू दिलं नाही. आकडे वेडेवाकडे यायला लागले, तेव्हा आतल्या टोकाला चिमटा टेकवून घड्याळ कोरं केलं. सगळं तुम्हीच शिकवलंत.”

टपरीचे मालक हुसेन वस्ताद स्टुलावर बसून दोघांकडे बघत होते.

“कोरं केलंस!” रामलिंग ओरडला. “त्यात अण्णांनी लावलेला गजर होता. अण्णा गेले, तरी रोज पहाटे साडेचारला वाजायचा. आवाज बारीक झाला म्हणून तर इथं आणलं. आणि तू…”

“सेल काढला की जुनं सगळं जातंच. या घड्याळांची जातच तशी. साडेचार ना? द्या इकडं, आत्ता लावतो.”

“हात लावू नकोस! तू लावलास तर तो तुझा. अण्णांची बोटं कुठून आणशील?”

“मग मरायला टेकलेलाच सेल ठेवायचा होता! चार दिवसांत तोही गेला असता, तुमच्या अण्णांसारखा.”

रामलिंगने त्याची कॉलर धरली. काचेच्या पेटीवरचे घड्याळांचे पट्टे खाली सांडले.

वस्ताद उठले. त्यांनी भानुदासच्या हातातून चिमटा काढून घेतला नि स्वतःच्या खिशात टाकला.

“झाकण उघडायच्या आधी यांना विचारलंस, आत काय लावून ठेवलंय?”

“…नाही.”

“आणि वर त्यांच्या बापाला बोललास. आज चिमटा नाही. पट्टे उचल.”

मग ते रामलिंगकडे वळले.

“सोड त्याला.”

कॉलर सुटली.

“अण्णा साडेचारला उठून काय करायचे?”

“गावच्या टाकीवर जायचे. नळाला पाणी सोडायचे. थंडीवाऱ्यात, तापात… कधी खाडा नाही.”

“आता कोण सोडतं?”

“मीच. त्यांच्या जागी मलाच घेतलंय.”

“किती वाजता?”

रामलिंगने मान वळवली.

“कधी सहा… कधी सात.”

“गजर तर वाजायचा.”

“वाजायचा.”

“मग?”

“उशाला घेऊन ऐकत पडायचो. अण्णा घरातच आहेत असं वाटायचं… मग परत डोळा लागायचा.”

वस्तादांचा चेहरा लाल झाला.

“बायाबापड्या हंडे घेऊन नळावर उभ्या, आणि तू पडून गजर ऐकतोस!”

“तुम्हाला काय कळणार बाप गेल्याचं!” रामलिंगही तितक्याच जोरात बोलला. मग त्याने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. “तुम्ही लावून द्या, वस्ताद. तुमचा हात म्हातारा आहे. तुम्ही लावलेला चालेल मला.”

भानुदास पट्टे उचलता उचलता थांबला.

वस्तादांनी घड्याळ हातात घेतलं. वेळ लावली. तारीख लावली. मग रामलिंगचा हात ओढून घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं… घट्ट.

“आणि गजर?” रामलिंगने विचारलं.

“मी लावणार नाही. पहाटे साडेचारला तू ऊठ, आणि या घड्याळाला उठव.”